चारही चाकं जमिनीवर

अकरा हिवाळे ती माझ्या मागून येत राहिली.
मी मोटारहोममध्ये, थोरा जीपमध्ये.
मॉन्टानात पहिला बर्फ पडायच्या आत निघायचं
आणि मार्चपर्यंत ॲरिझोनाच्या उन्हात लोळायचं.
मध्ये दोनशे फूट रस्ता आणि एक वॉकीटॉकी,
त्यातून तिचा खरखरता आवाज:
"डावा इंडिकेटर बंद कर.
वीस मैल झाले, नुसता डोळा मारतोयस."

यंदा डॉक्टर म्हणाला, कडा दिसत राहतील,
मधलं जाईल.
म्हणजे रस्त्याकडेची कुंपणं दिसतील, रस्ता नाही.
पार्किंगमध्ये ती माझ्या बाजूच्या दाराशी आली,
मग वळसा घालून दुसऱ्या दाराशी गेली.
बसल्यावर म्हणाली,
"म्हणजे आता जीप ओढायची कशी, ते बघायला हवं."
घरी पोचेपर्यंत पुढे एक शब्द नाही.

डुएनच्या दुकानात ग्रीसचा आणि शिळ्या कॉफीचा वास.
त्यानं आधी स्वस्तातलं दाखवलं,
दोन चाकांची डॉली: पुढची चाकं वर, मागची रस्त्यावर.
थोरा हसली.
"फोर-व्हील आहे रे ती.
मागची चाकं फिरली की दांडा फिरणार,
दांड्यासोबत पोटातलं सगळं.
बाहेरून काही कळणार नाही,
आत मात्र राख."
शाफ्ट काढून ठेवता येतो, डुएन म्हणाला.
"दर मुक्कामाला? गाडीखाली कोण झोपणार, हा?"
आणि माझ्या खुब्याकडे हनुवटीनं खूण.

माझं मत ट्रेलरला होतं.
अख्खी जीप वर चढवायची, पट्ट्यांनी आवळायची,
मागं घेता येतं, जिवाला घोर नाही.
जीप साडेचार हजार पौंड, ट्रेलर दोन हजार,
आमचा हुक पाच हजारांचा.
पाकिटाच्या पाठीवर ही बेरीज मी तीनदा केली,
आकडा लाजून खाली येईल म्हणून.
ती म्हणाली, "आणि तसंही,
चौघांनी उचलून नेल्यासारखं मला नको."
जीपबद्दल बोलत होती, असं मी धरून चाललो.

राहिला टो-बार.
चारही चाकं जमिनीवर, आपापली फिरणारी.
डुएननं बजावलं, रिव्हर्स नाही. एक फूटसुद्धा नाही.
चुकीच्या पेट्रोलपंपात शिरलात
तर सोडा, वळवा, पुन्हा जोडा.
"ह्याला रिव्हर्स आधीही येत नव्हता," थोरा म्हणाली,
आणि पैसे तिनंच दिले.

निघायच्या सकाळी तिनं मला हात लावू दिला नाही.
ट्रान्सफर केस न्यूट्रलला.
किल्ली अशी, की स्टिअरिंग मोकळं राहील.
साखळ्या बारखालून, एकमेकींवर तिरक्या.
सगळं बोटांनी, मान भलतीकडे वळवून.
मग परीक्षा म्हणून इंजिन चालू केलं,
गिअर ड्राइव्हला टाकून ॲक्सिलरेटर दाबला.
जीप गुरगुरली आणि ढिम्म हलली नाही.
असंच हवं असतं.
तिनं पुन्हा दाबला.
गिअर पार्कला नेऊन इंजिन बंद केल्यावरही
बराच वेळ आत बसून होती.
मी उगाच टायरला लाथा मारत फिरलो.

माइल्स सिटीला उतरून चाकांच्या तुंब्यांना हात लावला,
कोमट. ठीक.
आता ती माझ्या शेजारी बसते,
मागच्या कॅमेऱ्याचा पडदा आमच्या दोघांच्या मध्ये.
पडदा बघायचा असला की ती खिडकीकडे बघते,
डोळ्याच्या कडेनं पकडते.
"फिरतंय का?"
जीपचं स्टिअरिंग, आत कुणी नसताना.
फिरतंय, मी म्हणतो.
"कसं?"
तुझ्यासारखंच. जरा उशिरा.

मग ती बराच वेळ गप्प.
वॉकीटॉकी तिच्या मांडीवर, बंद,
दुसरा जीपच्या कपाच्या खाचेत राहिलाय.
बिलिंग्सच्या अलीकडे कधीतरी म्हणाली, "टिकटिक."
काय?
"टिकटिक ऐकू येतेय. डावा.
अकरा वर्षं तुला हे आतून ऐकू येत होतं?"